मीठ लावल्यावर कैरीला पाणी सुटते. मग तीच फोड आतून खारट कशी होते?

प्रश्न : फळ्यासमोर

मी इयत्ता आठवीला विज्ञान शिकवते. विसरण आणि परासरण हा भाग शिकवताना गेल्या आठवड्यात दोन विद्यार्थ्यांनी विचारलेल्या शंकांचे समाधान मला नीट करता आले नाही, म्हणून त्या येथे मांडत आहे.

वर्गात मी दरवर्षीप्रमाणे लोणच्याचे उदाहरण दिले. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही तासांत पातेल्याच्या तळाशी पाणी साचते, कारण बाहेरचे मिठाचे द्रावण अतिपरासारी, म्हणजे पेशीरसापेक्षा तीव्र, असते आणि पेशीचे निवडक्षम पारपटल पाण्याला जाऊ देते, मिठाला जवळजवळ जाऊ देत नाही. त्यामुळे पाणी पेशीतून बाहेर येते, असे मी सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, पटल मिठाला आत येऊ देत नाही म्हणूनच पाणी बाहेर आले ना? मग लोणचे मुरल्यावर फोड अगदी मधोमध खारट कशी लागते?" तिचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला : "आणि बाहेर मीठ जास्त आहे हे आतल्या पाण्याला कळते कसे?"

मी "दोन्ही क्रिया होत असतात" असे म्हणून वेळ मारून नेली, परंतु ते उत्तर माझे मलाच पटलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. आठवीच्या मुलांना समजेल असे उत्तर हवे आहे, पण सोपे करण्याच्या नादात चुकीचे झालेले नको.

उत्तर : निवृत्त मास्तर

बाई, दुसऱ्या मुलाची शंका आधी सोडवू, कारण पहिलीचे उत्तर तिच्यावरच उभे आहे.

पाण्याला काहीही कळत नाही. खोलीच्या तापमानाला पाण्याचा रेणू सरासरी सेकंदाला सुमारे ६०० मीटर इतक्या वेगाने हालत असतो, परंतु द्रवात रेणू इतके खेटून असतात की स्वतःच्या आकाराइतके अंतर कापण्याआधीच तो शेजाऱ्यावर आदळतो आणि दिशा बदलतो. ही निरुद्देश धडपड डोळ्यांना दिसत नाही. तिचा परिणाम मात्र दिसतो. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि ही थरथर म्हणजे रेणूंच्या धडकांचा परिणाम असल्याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले.

आता आपल्या शाळेतील दोन शेजारचे वर्ग डोळ्यांसमोर आणा. एका वर्गात १०० मुले आहेत, दुसऱ्यात १०, आणि मधले दार उघडे आहे. कोणालाही काही सांगितलेले नाही. दर मिनिटाला प्रत्येक वर्गातील साधारण दहावा हिस्सा मुले इकडे तिकडे भटकताना दारातून पलीकडे जातात. पहिल्या मिनिटात इकडून १० जातील आणि तिकडून १ येईल. वरून पाहणाऱ्याला वाटेल की मुले मोकळ्या वर्गाकडे "ओढली" जात आहेत, पण एकाही मुलाच्या मनात तसे नाही. जिकडे संख्या जास्त तिकडून निघणारेही जास्त, एवढेच घडते. पुढे दोन्हीकडे ५५ झाले तरी दारातली ये-जा थांबत नाही, फक्त जाणारे आणि येणारे सारखे होतात. विसरण म्हणजे हेच. "समतोल झाल्यावर रेणूंची हालचाल थांबते" असे वाक्य मी उत्तरपत्रिकांत शेकडो वेळा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी त्याखाली तांबडी रेघ ओढली आहे.

या भटकंतीचा एक परिणाम मुलांना अवश्य सांगावा. भरकटत जाणाऱ्याला दुप्पट अंतर कापायला दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. अ‍ॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या विसरणाच्या नियमांतूनच हे निघते. मीठ किंवा साखर यांसारख्या पदार्थाला स्थिर पाण्यात पेशीएवढे, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग इतके अंतर पसरायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. एक सेंटिमीटर जायला साधारण १४ तास लागतात. आणि एक मीटर जायला १६ वर्षे! पेशी इतक्या लहान का असतात आणि मोठ्या प्राण्याला रक्ताभिसरण का लागते, याचे निम्मे उत्तर या एका हिशेबात आहे.

याच हिशेबामुळे एक जुनी तक्रार नोंदवून ठेवतो. खोलीच्या कोपऱ्यात लावलेल्या उदबत्तीचा वास दुसऱ्या टोकाला पोहोचतो, हे विसरणाचे उदाहरण म्हणून हमखास दिले जाते. हवेत विसरण पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने होते हे खरे. तरीही हवा पूर्णपणे स्थिर असेल, तर पाच मीटर अंतराला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागेल. वास मिनिटाभरात येतो तो हवेच्या झुळकांमुळे, आणि उदबत्तीची ऊब स्वतःच तशी झुळूक निर्माण करते. पातेल्यात न ढवळता सोडलेला शाईचा थेंब हे त्यापेक्षा बरे उदाहरण आहे, पण तेही पाणी आधी तासभर स्थिर ठेवले असेल तरच.

आता कैरीकडे येऊ. ताज्या फोडीतील बहुतेक पेशी जिवंत असतात. (अडकित्त्याने कापलेल्या कडेच्या पेशी मात्र त्याच क्षणी फुटलेल्या असतात आणि सुरुवातीचा ओलावा त्यांचाच असतो.) जिवंत पेशीच्या प्रद्रव्यपटलातून पाणी सहज जाते. अनेक पेशींच्या पटलात तर त्यासाठी खास प्रथिनांच्या वाटा असतात. पीटर आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या वाटांच्या शोधासाठीच मिळाले, आणि अशा एका वाटेतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात. मिठाच्या आयनांना ती वाट बंद असते. दार एकाला उघडे आणि दुसऱ्याला बंद असताना जे घडते ते परासरण. पाणी बाहेर येते, पेशीचा जिवंत भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून सुटतो, म्हणजेच रससंकोच होतो, आणि फोड लवचिक होते.

पण इतक्या तीव्र मिठात पेशी फार काळ तग धरत नाही. ती मरते, आणि मेलेल्या पेशीचे पटल निवडक्षम राहत नाही. उरते ती पेशीभित्तिका, आणि ती पाणी व मीठ दोघांनाही अडवत नाही. त्या क्षणापासून मिठाचे आत जाणे हे साधे विसरण असते, आणि सेंटिमीटरला १४ तास हा हिशेब, वर फोडीच्या गराचा अडथळा, हे लक्षात घेतले तर लोणचे मुरायला दिवस का लागतात तेही उलगडते. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला सांगा की तिने पुस्तकातील वाक्याची मर्यादा बरोबर पकडली आहे. "पटल मिठाला आत येऊ देत नाही" हे वाक्य पेशी जिवंत असेपर्यंतच खरे आहे.

उत्तर : पाकातली वेलची

मी विज्ञानाची पदवीधर नाही, परंतु पस्तीस वर्षे घरगुती लोणची आणि मुरांबे करून विकते आहे. मास्तरांचे उत्तर वाचून आमच्या सासूबाईंच्या दोन नियमांचा अर्थ आज लागला.

पहिला नियम मोरावळ्याचा. कच्चा आवळा थेट घट्ट पाकात टाकला, तर तो सुरकुततो, चिवट होतो आणि पाक आत शिरत नाही. म्हणून आवळे आधी काट्याने टोचायचे, वाफवायचे, मग पातळ पाकात ठेवायचे, आणि पाक एक-एक दिवसाच्या अंतराने आटवून घट्ट करत न्यायचा. मास्तरांच्या भाषेत सांगायचे, तर वाफवल्याने पेशी मरतात आणि साखरेला दार उघडते. पण साखरेचा मोठा रेणू सावकाश आत जातो आणि पाणी भराभर बाहेर येते, म्हणून पाक एकदम दाट ठेवला, तर वाफवलेला आवळाही आकसतो. मी हे बरोबर समजले आहे ना?

दुसरा नियम काकडीच्या कोशिंबिरीचा : मीठ पानात वाढायच्या वेळीच घालायचे. नाहीतर कोशिंबिरीचे सार होते. उलट काकडीची थालीपिठे करताना मीठ मुद्दाम आधी लावायचे आणि सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवायचे, म्हणजे वरून पाणी घालावे लागत नाही. क्रिया एकच, एका ठिकाणी टाळायची आणि दुसऱ्या ठिकाणी कामाला लावायची.

उत्तर : बारीक शंका

मास्तरांचे विवेचन उत्तम आहे, पण परासरणाचे कारण त्यांनी घाईत उरकले असे वाटते. आम्हाला असे शिकवले होते की, मीठ मिसळल्याने पाण्याची संहती कमी होते, म्हणून जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे पाण्याचे विसरण होते, आणि परासरण म्हणजे एवढेच. हे स्पष्टीकरण पुरेसे का मानू नये?

उत्तर : निवृत्त मास्तर

घाई झाली हे मान्य. आपण दिलेले स्पष्टीकरण दिशा बरोबर सांगते आणि आठवीच्या वर्गात मीही ते वापरत असे. पण त्याला आकडे लावून पाहिले की ते डळमळते.

एक लिटर द्रावणात साखरेचा एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या), म्हणजे ३४२ ग्रॅम साखर घ्या. दुसऱ्या एक लिटर द्रावणात मिठाचा एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ घ्या. साखरेचे रेणू मोठे असल्यामुळे ते पाण्याची कितीतरी जास्त जागा अडवतात. म्हणजे साखरेच्या द्रावणात पाण्याची संहती मिठाच्या द्रावणापेक्षा बरीच कमी असते. केवळ पाणी "पातळ" झाल्याने परासरण होत असते, तर साखरेचे द्रावण जास्त जोराने पाणी ओढते. प्रत्यक्षात मिठाचे द्रावणच जास्त जोर दाखवते, आणि दोन्ही द्रावणे विरल केली तर जवळजवळ दुप्पट, कारण मीठ पाण्यात विरघळून सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण देते. विरल द्रावणात जोर ठरतो तो विरघळलेल्या कणांच्या संख्येवर. त्यांनी किती जागा अडवली यावर नाही.

हे प्रथम मोजमापातून दिसले, आणि तो इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय बांधून ते पाण्यात ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून पडदा फुगला. परंतु प्राण्याचा पडदा कधी एक पदार्थ सोडतो, कधी दुसरा. त्यामुळे नेमके माप मिळेना. विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचा पातळ थर बसवला, जो पाणी सोडतो पण साखर अडवतो, आणि १८७७ मध्ये साखरेच्या द्रावणांचे परासरण दाब, म्हणजे पाण्याचे आत शिरणे थोपवायला लागणारे दाब, प्रसिद्ध केले. एक टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब सुमारे पाऊण वातावरणदाब भरला. त्या आकड्यांकडे पाहून व्हान्ट हॉफ यांच्या लक्षात आले की, तेवढेच कण तेवढ्याच जागेत वायुरूपात असते तर जेवढा दाब देतील, तेवढाच हा दाब आहे. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, १९०१ चे, त्यांना मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

मग जोर येतो कोठून? पटलाच्या छिद्राशी आलेला साखरेचा रेणू आत जाऊ शकत नाही. पटल त्याला मागे ढकलते. मागे ढकलला गेलेला रेणू आपल्या आजूबाजूच्या पाण्यालाही पटलापासून दूर रेटतो. त्यामुळे छिद्राच्या त्या तोंडाशी दाब किंचित कमी होतो आणि पलीकडचे शुद्ध पाणी छिद्रातून आत येते. म्हणजे पाण्याला मिठाची ओढ नसते. अडवलेल्या कणांमुळे ते खेचले जाते. यामुळेच परासरणाने जाणारे पाणी पुष्कळदा नुसत्या विसरणाच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने जाते.

वेलचीताईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे, त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती नको.

उत्तर : काळी माती

वाळवा तालुक्यात माझी शेती आहे. येथे हा विषय वहीतला नाही, बांधावरचा आहे. कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले गेले, निचरा नसल्यामुळे भूजल वर आले, ते पृष्ठभागावरून उडून जाताना क्षार मागे ठेवत गेले, आणि जमिनी क्षारपड झाल्या. अशा रानात उन्हाळ्यात माती वरून पांढरी दिसते. मातीत हात घातला, तर ओल लागते. तरी पीक मात्र दुपारी तहानलेल्यासारखे मान टाकते. पूर्वी आम्ही त्यावर आणखी पाणी सोडत होतो.

माती परीक्षणात संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त आली, की जमीन क्षारयुक्त धरतात. कृषी पदवीधर असलेल्या माझ्या पुतण्याने हिशेब करून दाखवला की, त्या ४ चा अर्थ सुमारे दीड वातावरणदाब इतका परासरण दाब. मुळाला मातीतले पाणी घ्यायचे, तर आधी एवढ्या दाबावर मात करावी लागते. शिवाय वाफसा येऊन मातीतले पाणी निम्मे झाले, तरी मीठ तेवढेच राहते, म्हणून दाब दुप्पट होतो. क्षारपड रानात मोठ्या पाळ्यांऐवजी थोडे थोडे पाणी वारंवार का द्यावे, ते तेव्हा समजले. खरा उपाय मात्र जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणे आणि क्षार धुऊन काढणे हाच आहे. (चोपण जमिनीचे दुखणे वेगळे, तेथे सोडियम मातीची घडणच बिघडवतो आणि जिप्सम लागते. दोन्हींत गल्लत करू नये.)

रोपाच्या बुंध्याशी रासायनिक खताची मूठ टाकली, की ते करपते, तेही याच कारणाने. बाईंनी खेड्यातील मुलांना हे उदाहरण द्यावे. लोणच्याइतकेच त्यांच्या ओळखीचे आहे.

प्रश्नकर्तीकडून : फळ्यासमोर

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांच्या उत्तरावरून सोमवारी वर्गात एक प्रयोग केला. बटाट्याचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे, प्रत्येकी २० ग्रॅम वजनाचे तुकडे घेतले. एक कच्चा तुकडा साध्या पाण्यात, दुसरा कच्चा तुकडा १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून केलेल्या द्रावणात, आणि तिसरा, उकडलेला तुकडा तशाच द्रावणात ठेवला. चार तासांनी पुसून वजन केले. साध्या पाण्यातला कच्चा तुकडा २१ ग्रॅम भरला आणि अधिक ताठ झाला. मिठातला कच्चा तुकडा १७ ग्रॅम भरला आणि बोटाने सहज वाकला. मग उकडलेला तुकडा मधोमध कापून मुलांनी चाखला, तर तो आतपर्यंत खारट होता. मिठातल्या कच्च्या तुकड्याचा मधला कण मी स्वतः चाखला. तो अळणी होता.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने यावरून स्वतःच निष्कर्ष काढला की, उकडलेल्या बटाट्यात दार उघडे होते. परंतु तिची नवी शंका अशी आहे : मिठातला कच्चा तुकडा लिबलिबीत झाला, तेव्हा त्याच्या पेशी मेल्या होत्या की जिवंत होत्या, हे बाहेरून ओळखायचे कसे? आणि साध्या पाण्यातल्या तुकड्याच्या पेशी पाणी पीत पीत फुटल्या का नाहीत?

उत्तर : निवृत्त मास्तर

दुसऱ्या शंकेचे उत्तर छोटे आहे. वनस्पतीच्या पेशीला भक्कम पेशीभित्तिका असते. पाणी आत शिरू लागले, की ती ताणली जाते आणि आतून उलटा दाब वाढतो. तो परासरण दाबाच्या बरोबरीला आला, की पाण्याचे निव्वळ आत जाणे थांबते. भाजीवर पाणी शिंपडल्यावर ती टवटवीत दिसते, ते याच दाबामुळे. आपल्या तांबड्या रक्तपेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या शुद्ध पाण्यात फुटतात. शिरेतून द्यायचे सलाइन लिटरला ९ ग्रॅम मिठाचे, म्हणजे रक्ताशी समपरासारी ठेवतात ते त्यासाठीच.

पहिल्या शंकेसाठी तिलाच प्रयोग करू द्या. बटाट्याचे पातळ काप मिठाच्या निम्म्या तीव्रतेच्या द्रावणात ठेवा. काही काप वीस मिनिटांनी, तर काही दुसऱ्या दिवशी सकाळी काढून स्वच्छ पाण्यात टाका. ज्याचे पटल शाबूत आहे, त्याला पाणी परत घेऊन ताठ होता आले पाहिजे. ज्याचे पटल गेले, त्याला ते कितीही पाण्यात ठेवले तरी जमणार नाही.

प्रश्नकर्तीकडून : फळ्यासमोर

केले. वीस मिनिटांनी काढलेले काप मधल्या सुट्टीनंतर पाहिले, तर बऱ्याच अंशी पुन्हा ताठ झाले होते, आणि एक तर वाकवताना कट्‌कन मोडला. रात्रभर मिठात राहिलेले काप दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवूनही चिंधीसारखेच राहिले. मुलीने वहीत दोन रकाने आखून वर "जिवंत" आणि "मेलेले" असे लिहिले, आणि आता ती एक तास, दोन तास आणि तीन तास ठेवलेल्या कापांचा तिसरा रकाना भरते आहे.